चौथं चाक

१

ट्रेलरला चार चाकं होती, आणि त्यातलं एक खोटं होतं.

आत्याच्या ते लगेच लक्षात आलं नाही. पोलीस चौकीच्या मागे ठोकलेल्या गाड्या आणून टाकतात त्या आवारात ती फुटलेल्या चाकाशेजारी उकिडवी बसली होती. सगळा जन्म तिनं विमा कंपनीसाठी असल्याच गाड्या बघण्यात घालवला होता. निवृत्त झाली तेव्हा सहकाऱ्यांनी भाषणं ठोकली, की आता बाईंना मोडकंतोडकं काही बघावं लागणार नाही. भाषणात माणसं काहीही बोलतात.

या वेळची गाडी तिच्या धाकट्या भावाची होती, बापूची. बापू मधमाश्या पाळायचा. जिकडे फुलोरा असेल तिकडे जीपला ट्रेलर जोडून पेट्या न्यायच्या, हा त्याचा धंदा. परवा सकाळी टेकडीच्या उतारावर ट्रेलरचं मागचं डावं चाक फुटलं. ट्रेलर आडवा फिरला, त्यानं जीपला फरफटत नेलं आणि जीप दगडी कठड्यावर आदळली. आदळली ती नेमकी बापू बसला होता त्या बाजूनं. गाडी त्याचा मुलगा गुंड्या चालवत होता. त्याला साधं खरचटलंही नाही.

बातमी आल्यापासून आत्याला रडू आलं नव्हतं. वाईटही वाटत नव्हतं. कुणीतरी आतलं मेन स्विच बंद करावं तसं झालं होतं. जेवण समोर आलं की ती जेवत होती, लोक आले की बसा म्हणत होती. स्वतःचीच तिला जराशी भीती वाटत होती. म्हणून ती इथे आली होती. डोकं चालत नसलं तरी हातांना हे काम माहीत होतं.

"बघून काय होणार, बाई?" फौजदार मागे उभा होता. माणूस बरा होता, पण घाईत होता. "पोरगा स्वतःच म्हणतोय, मी वेगात होतो. उद्या सकाळी जबाबावर सही करायला बोलावलंय त्याला. एकदा सही झाली की गुन्हा नोंदवणं आलं. बापाच्या मरणाचा गुन्हा, मलाही बरं वाटत नाही. पण तो हट्टच धरून बसलाय."

चेपलेल्या जीपच्या खिडकीतून आत्यानं आत डोकावून पाहिलं. गिअरचा दांडा दुसऱ्यात अडकलेला होता. भरलेला ट्रेलर मागे घेऊन कुणी दुसऱ्या गिअरात उतार उतरत असेल, तर तो वेगात असू शकत नाही. तो फार सांभाळून चालवत असतो.

म्हणजे गुंड्या खोटं बोलत होता, आणि तेही स्वतःविरुद्ध.

ती परत चाकांकडे वळली. हंगामाच्या आधी बापूनं ट्रेलरचे चारही टायर बदलले, असं घरात जो तो सांगत होता. फुटलेल्या टायरची नक्षी खोल होती, कंपनी तीच, माप तेच. कुणीही नवा टायर म्हटलं असतं. पण टायर कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या साली बनला तो आकडा टायरच्या एकाच बाजूला छापलेला असतो. बाकीच्या तिघांवर तो बाहेरून दिसत होता आणि साल ताजं होतं. चौथ्यावर बाहेरच्या बाजूला आकडाच नव्हता.

आत्यानं पदर खोचला आणि सरळ ट्रेलरखाली आडवी झाली. "अहो बाई, अहो!" असं फौजदार म्हणेपर्यंत तिनं आतल्या बाजूचा आकडा वाचलाही होता.

त्या टायरचा जन्म झाला तेव्हा गुंड्या शाळेत दप्तर घेऊन जात होता.

२

ट्रेलरखालून बाहेर येताना तिनं आणखी दोन गोष्टी पाहून ठेवल्या. तीन रिमा घासलेल्या, गंजलेल्या होत्या, कारण त्या जुन्याच होत्या आणि त्यांच्यावर नुसते टायर नवे चढवले होते. फुटलेल्या चाकाची रिम मात्र आदळून वाकली असली तरी तिचा रंग आतून-बाहेरून शाबूत होता. दुसरं म्हणजे, ट्रेलरच्या मागे स्टेपनी नटांनी टांगून ठेवायचा जो हूक असतो, तो रिकामा होता.

"हिची स्टेपनी कुठंय?" तिनं विचारलं.

"आणली तेव्हाच नव्हती," फौजदार म्हणाला. "आणि इथून कुणी नेली म्हणाल तर शक्य नाही. तिथूनही कोण नेणार? पेट्या फुटल्या होत्या. बापूंना जीपमधून काढताना आमच्या दोघांना माश्या डसल्या. संध्याकाळी शांत होईपर्यंत ट्रेलरकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही."

आत्या भावाच्या घरी आली तेव्हा दार सताड उघडं होतं. बैठकीत पाऊल टाकलं आणि तिला कसंसंच झालं. तीच खोली, तेच टेबल, पण सगळं उघडंवाघडं वाटत होतं. खुर्च्या लाल मखमली होत्या. यांनी नव्या खुर्च्या कधी घेतल्या, असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, माणूस गेलं की घर बदलतंच. तिनं तो विचार तिथेच सोडला. तिच्यासारख्या बाईनं तो सोडायला नको होता.

भावजय एका लाल खुर्चीत बसली होती. ती रडत नव्हती, बोलतही नव्हती. परवापासून मुलाशी तिनं एक शब्द काढला नव्हता. गुंड्या समोरून गेला की ती मान खाली घालायची. शेजारणी कुजबुजत होत्या, की आईचं काळीज आहे, पण नवरा गेला म्हटल्यावर कशी माफ करेल.

"जेवलीस का गं?" आत्यानं विचारलं.

"हो, वन्सं," भावजय म्हणाली. न जेवलेल्या माणसाचं 'हो' आत्याला कळत होतं. दोन बधिर बायका एकमेकींना काय धीर देणार?

गुंड्या मागच्या अंगणात रिकाम्या पेट्या एकावर एक रचत होता. रचून झाल्या की उतरवत होता, आणि पुन्हा रचत होता.

"दुसऱ्या गिअरात वेगात कसा रे होतास तू?" आत्या पायरीवर टेकली.

त्याचे हात थांबले. "मी वेगात होतो, आत्या."

"मागचं डावं चाक नवं नव्हतं."

"चारही नवे होते." हे त्यानं इतक्या पटकन म्हटलं, की पाठ केलेलं असावं. "तू यात पडू नकोस. मी सही करणार आहे. संपला विषय."

"तू आत जाशील."

"जाईन ना!" तो एकदम ओरडला. मग घराकडे बघून त्यानं आवाज खाली आणला. "आईला काही विचारू नकोस. तुला बापूंची शपथ आहे."

तेवढ्यात फाटकातून मामा आला, भावजयीचा भाऊ. पेशानं सुतार. बापूच्या सगळ्या पेट्या त्यानंच बनवलेल्या. तोंडभर बोलणारा माणूस, आज मात्र नुसती मान हलवून आत जायला निघाला. त्याचे दोन्ही हात बोटांपासून मनगटापर्यंत सुजून टम्म झाले होते. मनगटाच्या वर मात्र एक डागही नव्हता. तोंडही स्वच्छ होतं.

"हाताला काय झालं हो?"

"माश्या डसल्या, ताई. संध्याकाळी पेट्या गोळा करायला गेलो होतो ना सगळ्यांबरोबर."

पेट्या गोळा करणारा माणूस जाळी घालतो, लांब बाह्यांचा अंगरखा घालतो आणि सगळ्यात आधी हातमोजे घालतो. हे मामाला माहीत नव्हतं असं नाही. त्याच्या बाकीच्या अंगावर जाळी आणि अंगरखा नक्कीच होते. फक्त हातमोजे नव्हते.

हातमोजे काढून माश्यांमध्ये हात कोण घालतं? ज्याला बारीक नट सोडवायचे असतात तो.

३

टायरवाला दुकानाच्या दारात एक चाक पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. आत्याला तो जुन्या ओळखीतला. तिच्या नोकरीत दोघं कितीदा एकमेकांशी भांडले होते.

"तुम्ही येणार हे माहीत होतं," तो म्हणाला. "गाव माझ्या नावानं बोटं मोडतंय. म्हणे याचाच टायर फुटला."

"मग? नव्याच्या नावाखाली एक जुना खपवलास का?"

टायरवाल्याला राग आला नाही, हे तिला आवडलं. राग लगेच येतो तो चोराला. त्यानं चाक पाण्याबाहेर काढून भिंतीला टेकवलं. "बापू आले तेव्हा आधी गाडीचे टायर मागत होते, स्वस्तात आणि मऊ. मी म्हटलं, अहो, ट्रेलरला गाडीचा टायर चालत नाही. ट्रेलर स्वतः चालत नाही, त्याला ओढतात. वळणावर सगळं वजन टायरच्या कडेच्या रबरावर येतं. त्याला कडक कडेचा, भार पेलणाराच पाहिजे. पेट्या मधानं भरल्यावर किती जड होतात ते मी विचारलं, त्यावर हिशोब करून माप काढलं. चारही एकदम बदला म्हटलं, चारही एकाच वयाचे पाहिजेत. पटलं त्यांना. चार सांगून गेले."

"मग चार दिलेस."

"नाही." टायरवाल्यानं ओले हात पँटला पुसले. "चार सांगून गेले, आणि दुसऱ्या दिवशी तीनच रिमा घेऊन आले. गुंड्या होता बरोबर. मी विचारलं, चौथं? तर हसले. म्हणाले, चौथं घरीच आहे, कोरं करकरीत, एकदाही रस्त्याला न लागलेलं. ते चाक इथे आणलं असतं तर मी आकडा बघितला असता हो. नाहीच आणलं."

"स्टेपनी," आत्या म्हणाली. सगळं हळूहळू जागेवर बसत होतं आणि तिला त्याचा काहीच आनंद होत नव्हता.

"ट्रेलर घेतला तेव्हापासूनची. वापरली नाही म्हणजे नवीच, असं वाटतं लोकांना. ट्रेलरचा टायर झिजून मरत नाही, बाई. बसून मरतो. सावलीत ठेवा, झाकून ठेवा, उन्हाच्या भेगा पडणार नाहीत, पण रबर आतून वाळतंच. दिसायला तरणाताठा, आणि भार आला की गेला."

आत्यानं मान हलवली. म्हणजे फसवलं कुणीच नव्हतं. बापूनंच स्टेपनी लावली. मग गुंड्या का खोटं बोलतोय? आणि स्टेपनी जिथे होती तिथे टांगलेलं काहीतरी मामानं डसवून घेऊन का काढून नेलं?

"एक सांगू?" टायरवाला मागून म्हणाला. "चार सांगून गेलेला माणूस रातोरात तिनावर येत नाही. घरी कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं."

४

मामाची सुतारशाळा रस्त्यापलीकडे होती. त्याच्याकडे लाकडं वाहायचा एक छोटा ट्रेलर होता, चाकं त्याच मापाची. आत्यानं आधी तो पाहिला. सवय वाईट असते. पण त्याचे टायर इतके गुळगुळीत झिजले होते की त्यावरून हात घसरत होता. मामानं ते चाक स्वतःसाठी नेलेलं नव्हतं.

मामा रंधा मारत बसला होता. सुजलेल्या हातांनी रंधा नीट धरवत नव्हता, तरी मारत होता.

"कुठे ठेवलंत ते?" आत्यानं विचारलं.

"काय?"

"माझ्यासमोर तरी नको. पेट्या गोळा करायच्या आधीच, एकटेच ट्रेलरजवळ गेला होतात. मागे टांगलेलं चाक काढून आणलंत. हातमोज्यांनी नट सुटेना म्हणून ते काढून टाकलेत. कुठे ठेवलंत?"

मामानं रंधा खाली ठेवला. मग उठून त्यानं कोपऱ्यातली भुशाची पोती बाजूला केली. खाली एक चाक होतं, आणि त्यावर राखाडी रेक्झिनचं कव्हर. शिवण बारीक, कडेला दुहेरी टीप, मागे नाडी. नाडीला फुलासारखी गाठ.

आत्यानं नाडी सोडली. आत एक जुना टायर निघाला, नक्षी संपत आलेला, टाकून द्यायच्या लायकीचा. नवे टायर चढवले तेव्हा त्या चार जुन्यांतला एक स्टेपनी म्हणून मागे टांगला होता. त्यात चूक काही नव्हतं. पण टाकाऊ टायरला कव्हर कोण घालतं?

या घरात घालत होतं. भावजय सगळ्याला कव्हर शिवायची. मिक्सरला, पंख्याला, सुटकेसला, रेडिओला. खुर्च्यांच्या गाद्यांना कव्हर, आणि त्या कव्हरांनाही उन्हाळ्यात वेगळी कव्हरं. बापू थट्टा करायचा, "आमच्या घरात एक मीच उघडा फिरतो. मशीनला सुई लावलेली दिसली की मी बाहेर पळतो."

"मी सांगितलं होतं त्याला," मामा घाईनं म्हणाला. "स्टेपनी नवी आहे, तीच लाव, असं मीच म्हटलं. चूक माझी आहे, ताई."

"तुम्ही त्या कव्हराच्या आत कधी बघितलं होतंत का?"

मामा पायानं उगाच भुसा सारखा करायला लागला.

"ट्रेलर घेतल्यापासून ते चाक कव्हरात. नाडीही तिनंच बांधलेली. आत कोरं करकरीत काय आहे हे घरात फक्त तिला माहीत होतं. तिनं सांगितलं, बापूनं ऐकलं. तिनंच जुन्यावर पुन्हा हे चढवलं. नाडीची गाठ बघा ना, पोरीच्या वेणीला घालतात तशी आहे."

मामा भुशाच्या पोत्यावर टेकला. "ताई, तिला माहीत नाही. तिला वाटतंय दुकानातून आणलेला नवा टायर फुटला, पोरानं गाडी पळवली. तेच वाटू द्या. तिला कळलं तर ती जगायची नाही हो. गुंड्याही हेच म्हणाला. कव्हरात जुना टायर दिसला असता तर तिची स्टेपनी कुठे लागली ते कळलं असतं, म्हणून मी फक्त ते लपवलं, पोरगा तर अख्खा तुरुंगात जायला निघालाय."

आत्यानं कव्हर उचलून घडी घातली. बोटांना रेक्झिन थंड लागलं. आणि त्याच क्षणी तिला भावाच्या घरातल्या त्या लाल खुर्च्या आठवल्या.

नव्या नव्हत्या त्या. त्या पहिल्यापासून लालच होत्या. इतकी वर्षं त्यावर बसूनही आत्याला त्यांचा रंग माहीत नव्हता.

"चला," ती मामाला म्हणाली. "तिला सगळं माहीत आहे."

५

ऊन उतरत होतं तेव्हा दोघं घरी पोचले. आत्यानं अंगणातून गुंड्याला हाक मारली, "आत ये. आणि गप्प बस." तो आला आणि दाराशीच उभा राहिला.

भावजय त्याच खुर्चीत होती. आत्यानं कव्हराची घडी तिच्या मांडीवर ठेवली. गुंड्या पुढे झेपावला, पण मामानं त्याचा दंड धरला.

"मिक्सर उघडा, पंखा उघडा, खुर्च्या उघड्या," आत्या म्हणाली. "घरातलं एकूण एक कव्हर तू काढून टाकलंस. मी सकाळी बघितलं आणि मला दिसलं नाही. माणूस गेल्यावर बाई मिक्सरचं कव्हर का काढेल? ज्या बाईला त्या कव्हराकडे बघवत नाही, तीच काढेल. हे दोघं तुझ्यापासून लपवतायत ते तुला कधीपासून माहीत आहे?"

भावजयीनं कव्हरावरून हात फिरवला, उलट्या शिवणीवरून, जिथे टाका चुकला की कळतं.

"निरोप घेऊन आलेला माणूस म्हणाला, मागचं डावं चाक फुटलं," ती हळू आवाजात म्हणाली. "तेव्हाच. ते चाक मी हातानं पुसून दिलं होतं, वन्सं. ते चार आणायला निघालेले. मी म्हटलं, घरात नवंकोरं असताना? ते काय पुजायला ठेवलंय? तर हसले. म्हणाले, बरं झालं, तुझं एक तरी झाकलेलं कामाला येऊ दे."

गुंड्यानं मामाच्या हातातून दंड सोडवला.

"आई," गुंड्या म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा निघाला. "तू माझ्याशी बोलत नव्हतीस. मला वाटलं..."

"काय बोलू रे?" तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं. "तू लोकांना सांगत होतास, मी वेगात होतो. मला ऐकू येत होतं. तू माझ्यासाठी खोटं बोलतोयस हे मला कळत होतं. तोंड उघडलं असतं तर खरं बाहेर आलं असतं, आणि खरं बोलायची माझी हिंमत नव्हती. मी तुझ्यावर रागावले नव्हते. मी तुझ्याआड लपले होते."

गुंड्या तिच्या पायाशी जाऊन बसला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण रडली नाही. तोही रडला नाही. रडणं कधीतरी येईल, आत्याच्या मनात आलं, तिघांचंही एकदमच येईल कदाचित. आज नाही.

"उद्या तू सही करायची नाहीस," भावजय म्हणाली. "मी येणार तुझ्याबरोबर. काय झालं ते मी सांगणार."

"हा गुन्हा नाही गं," आत्या म्हणाली. "तुझा नाही, त्याचाही नाही. टायर जुना होता आणि नवा दिसत होता. फौजदाराला मी गिअर दाखवीन, टायरवरचा आकडा दाखवीन. माझं सगळं आयुष्य यातच गेलंय, माझं ऐकतील ते."

"गुन्हा नसेल, वन्सं," भावजय म्हणाली. "पण बोललं मीच होते ना."

खोटा दिलासा आत्याला कधीच देता आला नव्हता. तिनं फक्त भावजयीच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसली. मखमल मऊ होती, एखाद्या न वापरलेल्या वस्तूसारखी.

थोड्या वेळानं भावजय उठली. स्वयंपाकघरात कपाट उघडल्याचा आवाज आला, मग कागद फाडल्याचा. ती चहा घेऊन आली तेव्हा ट्रेमधले कप आत्यानं कधी पाहिले नव्हते. पांढरे, पातळ काठाचे, वर निळी वेल. लग्नात आलेले. आजवर खोक्यातून बाहेर न निघालेले, कुठल्यातरी चांगल्या दिवसासाठी राखून ठेवलेले.

"घ्या," ती म्हणाली. "थंड होईल."

आत्यानं कप तोंडाला लावला. चहा इतका गरम होता की जीभ भाजली, आणि परवापासून पहिल्यांदाच तिला काहीतरी लागलं. तिनं ट्रेकडे बघितलं. माणसं चार होती. सवयीनं भावजयीनं कप पाच आणले होते. पाचवा तसाच वाफाळत होता.

बापू या कपातून एकदाही चहा प्यायला नव्हता.